वाळलेली रेघ

लेवुका
सोमवार, १२ एप्रिल १९९९

आलुमिता,

परवा, शनिवार, १० एप्रिल १९९९ रोजी, दुपारी चार वाजता, सुवाच्या तुझ्या घरी चटईवर बसून तू एपेलीच्या माणसांकडून ताम्बुआ घेतलास. देवमाशाचा दात दोन्ही हातांनी घेतला की पोराकडून झालेली आगळीक पुरली गेली, पोरीच्या घराने क्षमा केली आणि पोरगी त्यांना दिली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तू तो तोरिकाच्या नावाने घेतलास. माझ्या भावाच्या मुलीच्या नावाने. मला न विचारता.

मला हे कसं कळलं तेही ऐक. आज सकाळी मी मासळी घ्यायला गेले होते. सेनिमिलीने सगळ्या बाजारादेखत माझ्या गळ्यात हात टाकले.

“मकेरेता, आजी होणार गं तू!”

“कुणाची आजी?”

“लपवतेस काय आता! माझा जावई तिथंच यांगोना पीत बसला होता. चारच्या सुमाराला दात घेतला आलुमिताने. लग्नाला डुक्कर कुठून आणणार ते सांग. माझ्या भावाकडे दोन आहेत, चांगले पोसलेले.”

हातातला मासा मी फळीवर परत ठेवला आणि घरी आले. जेवले नाही.

तोरिकाला दिवस गेलेत, असं तू लोकांना सांगितलंस. कुणी सांगितलं तुला? तोरिकाने? ती मला काही बोललेली नाही. ईस्टरला ती सावुसावूहून सुवाला उतरली आणि तुझ्याकडून परस्पर तिथल्या शाळेत शिकवायला परत गेली. इथे आली नाही. मी म्हटलं, बोटीचं जमलं नसेल.

आणि तुझ्या चटईवर आपल्या घराण्याच्या वतीने बोललं कोण? वातिसोनीकाका इथे व्हरांड्यात पाय पसरून बसलेत. माझा भाऊ तोमासी गेल्यापासून तोरिकाच्या बाबतीत बोलायचं ते त्यांनी, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्या कानात सांगायचं ते मी. तू चुलत आत्या, मधे कुठून आलीस?

फोन करू नकोस. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजवर काढलंय मी, एका तारेला किती कान असतात ते मला ठाऊक आहे. लिहून कळव.

मकेरेता

सुवा
१५ एप्रिल १९९९

मकेरेताताई,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. मी काय चोरी केली, की तू पोलिसांसारखी तारीख-वेळ टाकून लिहावंस?

तुला सगळं सांगते, मग तूच न्याय कर. तोरिका गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आली. तोंड उतरलेलं, उकडलेल्या डालोच्या कंदाचा तुकडा चिवडत बसली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “आत्या, पाळी आठवड्यावर लांबलीये. आणि काल-आज नुसते डाग पडतायत, फिकट तपकिरी.” मी तर मनात म्हटलंच, झालं. माझ्या नणंदेला थोरल्याच्या वेळी असेच डाग पडले होते. गर्भ रुजताना पडतात.

शनिवारी तिने औषधाच्या दुकानातून ती तपासायची कांडी आणली. सोमवारी सकाळी उठल्या उठल्या न्हाणीघरात गेली. बाहेर आली आणि म्हणाली, “काही नाही आत्या, एकच रेघ आहे.” आणि जाऊन झोपली. दुपारी जेवणं झाल्यावर मी न्हाणीघर धुवायला घेतलं तर कचऱ्याच्या डब्यात कागदात गुंडाळलेली कांडी. मी उघडली. ताई, दोन रेघा! दुसरी फिकी होती, पण होती. मी चष्मा लावून खिडकीशी नेऊन पाहिली. देवाशपथ.

पोर लाजेने लपवतेय, दुसरं काय? बापाविना पोर. पोट दिसायला लागेपर्यंत गप्प बसायचं होतं का मी? चर्चच्या गायनाच्या सरावानंतर मी फक्त लुसियानाच्या कानावर घातलं. ती एपेलीची मावशी, परकी थोडीच? ओरडून नाही सांगितलं, कानातच सांगितलं.

आणि ताई, त्यांनी किती रीतीने केलं म्हणून सांगू! आठ माणसं आली, सगळी कमरेला काळे सुलू गुंडाळून, फाटकापासून वाकून. दात तर असा, मधासारखा पिवळा, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढा, दोरीसुद्धा नवी वळलेली. एपेलीचा मामा बोलायला बसला तेव्हा खोलीत माशी हलली नाही. “या थोर घराच्या उंबऱ्यापाशी,” असं म्हणाला. माझ्या घराला, ताई! या पत्र्याच्या घराला! मी शेजारच्या रुसियातेला आपल्या बाजूने बोलायला बसवलं होतं, पण दात मीच घेतला. मी कोचावरच्या चांगल्या चादरी काढून भिंतीला लावल्या होत्या. एपेली मागे मान खाली घालून बसला होता, शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही, इतकी शरम वाटली बिचाऱ्याला.

दारात आलेला दात परत पाठवतात का? तूच सांग.

आणि रागावणार नसशील तर एक विचारते. पोरगी तुझ्या हाताखाली वाढली. मग अडचणीच्या वेळी ती माझ्याकडे का आली?

तुझी,
आलुमिता

लेवुका
१६ एप्रिल १९९९

तोरिका बाळ,

सोबत तुझ्या आलुमिता आत्याचं पत्र पाठवते आहे. सगळं वाच. दुसऱ्याचं पत्र तिसऱ्याला दाखवू नये असं आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, पण या पत्रातला प्रत्येक शब्द तुझ्याबद्दल आहे, म्हणून ते तुझंच आहे असं मी धरते.

मला फक्त एवढं लिही: खरं काय आहे? पोटात मूल असेल तरी लिही, नसेल तरी लिही. असेल तर मी पाळणा काढीन, ओरडणार नाही. एपेली तुला हवा असेल तर दात घेतला तो घेतला, मी गिळीन. नको असेल तर मला कळायला हवं, कारण १५ मे ला त्याची माणसं चटया आणि डुक्कर घेऊन लग्नाची तारीख ठरवायला इथे येणार आहेत. तसा निरोप कालच्या बोटीने वातिसोनीकाकांना आला. काका आनंदाने दाढी करून बसलेत.

तू माझ्याकडे का आली नाहीस, हे विचारणार नव्हते. विचारलंच.

आत्या

सावुसावू
२१ एप्रिल १९९९

आत्या,

माझ्या नावाने दात आला, घेतला गेला, डुक्करसुद्धा ठरला, आणि मला हे तुझ्या पाकिटातून कळलं. मी मधल्या सुट्टीत वर्गाच्या पायरीवर बसून वाचलं. नंतर पाढे म्हणून घेतले. पोरं चुकत होती आणि मी “छान, छान” म्हणत होते.

मला दिवस गेलेले नाहीत. हे पहिलं.

मार्चमध्ये मला ताप आला होता हे तुला माहीत आहे. दहा दिवस अंथरुणात होते, वजन उतरलं. मग पाळी आलीच नाही. नंतर ते डाग. मी घाबरले, कारण भीती वाटावी असं एकदा घडलं होतं. ते तुझ्यापाशी लपवत नाही. ईस्टरच्या सोमवारी उठल्यावरच्या पहिल्या लघवीची तपासणी केली. कांडी सपाट ठेवली, घड्याळ लावलं, पाच मिनिटांनी पाहिली. एकच रेघ. पाकिटातल्या कागदावर ठळक लिहिलंय की दहा मिनिटांनंतर दिसेल ते धरू नका. ओल वाळताना तिथे करडी रेघ उमटते, तिला अर्थ नसतो. आलुमिता आत्याने ती कांडी केव्हा पाहिली? दुपारच्या जेवणानंतर! कचऱ्यातून काढून! तो कागद सोबत जोडते आहे, तिला चष्मा लावून वाचू दे.

इथे आल्यावर मी दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, नुसत्या डागांवरून कुणालाच काही सांगता येत नाही. गर्भ रुजताना डाग पडतात हे खोटं नाही. पण आजारपणाने, वजन उतरल्याने, काळजीनेही पाळी पुढे जाते आणि आधी असे थेंब दिसतात. म्हणून तर तपासायचं. आणि कांडीवर एकदा ‘नाही’ असं आलं तरी पाळी येत नसेल तर आठवड्याने पुन्हा तपासायचं, कारण महिन्याचं चक्रच पुढे सरकलेलं असेल तर पहिली तपासणी फार लवकर झालेली असू शकते. एका बाजूला पोटात कळ आली, भोवळ आली किंवा खूप रक्त गेलं, तर कांडीची वाट न पाहता तडक यायचं, असंही बजावलं. मी पुढच्या सोमवारी पुन्हा तपासलं. पुन्हा एकच रेघ. बुधवारी पाळी आली, चांगली, नेहमीसारखी. मी इतकी रडले की शेजारची मास्तरीण नारळपाणी घेऊन धावत आली.

आता दुसरं. 

एपेलीला हे माहीत होतं. त्या सोमवारीच, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, मी त्याला गोदीवर गाठून सांगितलं, “काही नाहीये. तपासलं मी.” तो हसला नाही, हुश्शही म्हणाला नाही. म्हणाला, “असतं तर बरं झालं असतं. मग तू नाही म्हणाली नसतीस.” फेब्रुवारीत त्याने मला लग्नाचं विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. आत्या, मला वाटलं, दुखावलाय म्हणून बोलतोय. आणि शनिवारी तो मामाच्या मागे मान खाली घालून बसला. आलुमिता आत्याला ती शरम वाटली. त्याला ठाऊक होतं की खोलीत सगळे एका न झालेल्या गोष्टीची क्षमा मागतायत. एका शब्दाने थांबवता आलं असतं. तो शब्द त्याने गिळला.

मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. आता तर मुळीच नाही.

मी तुझ्याकडे का आले नाही? पाच मिनिटं थांबायचं होतं म्हणून. त्या पाच मिनिटांत तू दाराबाहेर उभी राहून कोण, कधी, कुठे, सिस्टर काय म्हणतील, सगळं विचारून झालं असतं. आलुमिता आत्या गप्प बसते म्हणून तिच्याकडे गेले. केवढी चूक केली बघ.

तोरिका

लेवुका
२४ एप्रिल १९९९

आलुमिता,

सोबत छापील कागद आहे. तळाची ओळ मी लाल शाईने अधोरेखित केली आहे. आपल्या दोघींना एकाच कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलं गेलं, तेव्हा ती तुला समजेल. तू वाचलीस ती रेघ नव्हती, वाळलेली ओल होती.

तोरिकाने तुला तोंडाने सांगितलं होतं, काही नाही. तू तिच्या तोंडावर विश्वास ठेवला नाहीस आणि कचऱ्याच्या डब्यावर ठेवलास. आणि एपेलीलाही तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने मान खाली घातली ती तुझ्या डोळ्यांना डोळा द्यायला नको म्हणून.

मुलीला हे लग्न नको आहे. दात परत कर.

मकेरेता

सुवा
२९ एप्रिल १९९९

मकेरेताताई,

कागद वाचला. चुकलं असेल माझं. पण माझ्या मनात पाप नव्हतं.

दात परत करता येत नाही, ताई, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लोक काय म्हणतील? आठ माणसं वाकून आली होती. आता मी जाऊन सांगू की मी कचऱ्यात हात घातला आणि चुकीचं वाचलं? गायनातल्या बायका मला जगू देतील? लुसियाना तर माझ्या शेजारी उभी राहून गाते.

आणि मुलगा वाईट नाही. बोटीच्या कारखान्यात कायम आहे, दारू पीत नाही, वाकून बोलतो. असं बघ, नसले दिवस गेले तर उद्या जातील. मुली आधी नाहीच म्हणतात. दात माझ्या पलंगाखाली पेटीत नीट ठेवलाय. रोज पुसते.

आणि एवढं तरी सांग मला, कारण झोप लागत नाही: ती पाळी शेवटी आली का? या कांड्यांचं काही खरं नसतं. नणंदेच्या सुनेच्या कांडीवर एकदा ‘नाही’ असंच आलं होतं आणि पुढे जुळी झाली. आली असली तर आली म्हणून कळव.

आलुमिता

लेवुका
शनिवार, १ मे १९९९

आलुमिता,

नाही कळवणार.

तुझ्या शेवटच्या चार ओळी वाचल्या तेव्हा मला तुझा गुन्हा नीट समजला. इतके दिवस मी समजत होते की तुझं वाचन चुकलं. वाचन कुणाचंही चुकेल. तुझ्या हातातली ती दुसरी रेघ पक्की, ठसठशीत, खरी असती, तरी ती तोरिकाची होती. तिने ती कुणाला सांगायची, केव्हा सांगायची, सांगायची की नाही, हे तिने ठरवायचं होतं. तू तिच्या अंगातलं उचललंस आणि लुसियानाच्या कानात ओतलंस. आणि आता पुन्हा विचारतेस, आली का? उद्या गायनाच्या सरावाला काय घेऊन जायचं, म्हणून?

तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. पोरीच्या काळजीच्या चार ओळी आहेत त्यात. बाकी सगळी चटई आहे. काळे सुलू, नवी दोरी, भिंतीला लावलेल्या चादरी, “थोर घराच्या उंबऱ्यापाशी.” आलुमिता, लहानपणापासून आपल्या घरात कुणी आलं की चटईचं मानाचं टोक माझ्या आईकडे आणि तुझी आई चुलीपाशी, हे मी पाहिलेलं आहे. ते तुला बोचत होतं हेही मला ठाऊक होतं. एकदा तरी दात माझ्या दारात यावा, असं तुला वाटलं. आला. त्यासाठी तू एक मुलगी देऊन टाकलीस. आपण एका पांघरुणात झोपलेल्या. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी भांडले असते आणि विसरले असते.

तोरिका माझ्याकडे आली नाही हे मला लागलं. ते माझं आणि तिचं आहे, त्यात तू पडू नकोस. ती तुझ्याकडे आली, कारण तिला वाटलं तू तोंड उघडत नाहीस. त्या विश्वासाचं काय केलंस, ते तू बघ.

एपेलीबद्दल मी त्याच्या मामाला वेगळं लिहिलं आहे. मामा सभ्य माणूस दिसतो. आपल्या भाच्याने आपल्याला कशासाठी वाकायला लावलं, हे कळण्याचा त्याला हक्क आहे. त्याच्या उत्तराची मी वाट पाहत नाही. मला तुझं हवं आहे.

दात परत करता येत नाही असं तू लिहितेस. नुसता नाही येत. त्याच्यासोबत आपल्याकडचा दुसरा दात ठेवून, चूक आमच्याकडून झाली असं म्हणून येतो. मी काल वातिसोनीकाकांच्या कानात सगळं ओरडून सांगितलं. निम्मी गल्ली गोळा झाली, होऊ दे, आता लपवण्यासारखं पोरीचं काहीच नाही, लपवायचं असेल तर ते तुझं आहे. काकांनी कानामागचा हात काढला. मग म्हणाले, “पोरीला कुणी विचारलंच नाही?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे तोमासीच्या मयताला आलेला दात टांगलेला आहे, तुला माहीत आहे कुठला. तो मी उतरवला, खोबरेल लावून पुसला आणि टेबलावर ठेवला आहे. भिंतीवर त्याच्या आकाराची पांढरी जागा राहिली आहे. माझ्या भावाच्या आठवणीचा एवढाच दात या घरात होता. त्याच्या मुलीसाठी तो जाईल. तुझ्या चुकीबद्दल जाईल.

आपलं चर्चचं घड्याळ तेच ठोके पुन्हा देतं, पहिल्यांदा ज्याने मोजले नाहीत त्याच्यासाठी. मीही दुसऱ्यांदा सांगते आहे, तिसऱ्यांदा सांगणार नाही.

तू मला लिहून द्यायचं आहेस, तुझ्या हस्ताक्षरात, वातिसोनीकाकांच्या नावे: तोरिकाला न विचारता मी दात घेतला, तो घेण्याचा मला अधिकार नव्हता, आणि मी तो स्वतः एपेलीच्या माणसांच्या दारी परत घेऊन जाईन. लुसियानाच्या डोळ्यांदेखत वाकत तुला आत जावं लागेल. मी तुझ्या शेजारी वाकेन, माझा दात घेऊन. त्यापुढे आपण एकमेकींशी बोलायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

पत्रात तोरिकाच्या पाळीबद्दल एक अक्षर नको. विचारलंस तर पत्र न वाचता परत येईल.

शुक्रवार, ७ मे रोजी सुवाहून बोट सुटण्याआधी तुझं लेखी उत्तर बोटीवर पडलं पाहिजे. त्या संध्याकाळी मी धक्क्यावर उभी असेन. पाकीट नसलं तर मी त्याच बोटीने सुवाला येईन, थेट रविवारच्या मिस्साला, आणि गायन संपल्यावर जे तू कानात सांगितलंस ते मोठ्याने सांगेन.

मकेरेता